उजेडाची साक्ष

दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या मशीनचा नोझल धुऊन झाला की तो खरोखर स्वच्छ झाला का, हे आमच्या डेअरीत काजव्याच्या विकरावरून ठरतं. पेनाएवढी प्लॅस्टिकची नळी असते, तिच्यात बोळा लावलेली काडी, म्हणजे स्वॅब. ती नोझलच्या आतून फिरवायची, नळीत परत खोचायची, वरचा फुगा दाबून त्यातला द्रव खाली उतरवायचा, थोडं हलवायचं आणि नळी हातात मावणाऱ्या मीटरमध्ये ठेवून झाकण लावायचं. पंधरा सेकंदांत पडद्यावर आकडा येतो. तो आकडा उजेडाचा असतो. नळीत काळोखात किती प्रकाश पडला, तेवढं मीटर मोजतो. दहाच्या खाली आला तर लाइन सुरू करायची, तिसाच्या वर गेला तर पुन्हा धुवायची, अशा मर्यादा आम्ही आमच्या प्लँटसाठी ठरवल्या आहेत.

मी या डेअरीच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम बघते. धुलाईवर, म्हणजे सीआयपीवर, असणारे ऑपरेटर मामा कधी कधी माझ्याशी वाद घालतात. "मॅडम, बघा ना, आरशासारखा चकचकीत आहे. नापास कसा काय?" त्यांचं म्हणणं खोटं नसतं. स्टीलवर दुधाचा इतका पातळ थर राहतो की डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. मीटरला तो कळतो, कारण त्या थरात एटीपी नावाचा रेणू शिल्लक असतो. एटीपी मिळाला की काजव्याचं विकर उजेड पाडतं आणि न मिळाला तर काळोखच राहतो. या विकराचं नाव लुसिफरेज.

विकर म्हणजे एन्झाइम. डेअरीत काम करणाऱ्याला विकरांची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. चीज करताना दुधात घालतो ते रेनेट विकरच. दुधातच एक फॉस्फेटेज नावाचं विकर असतं. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापलं की ते मोडतं. म्हणून पाश्चरायझरमधून बाहेर पडलेल्या दुधात फॉस्फेटेज सापडलं, तर दूध नीट तापलं नाही असं समजायचं. विकर हा आमचा साक्षीदार आहे. एका विकराचं नसणं सांगतं की दूध नीट तापलं, आणि दुसऱ्याचा उजेड सांगतो की पाइप अजून धुवायचा आहे. जीवसृष्टीतली उजेड पाडणारी विकरं मला याच नजरेने बघायची सवय लागली आहे. काजवा, जेलीफिश, समुद्रातले जिवाणू, कुजक्या लाकडावरची बुरशी, सगळ्यांच्या उजेडाला ऑक्सिजन लागतो. पण त्याशिवाय प्रत्येकाच्या विकराला आणखी एक काहीतरी हवं असतं आणि ते मिळाल्याशिवाय उजेड पडत नाही. ते काय, हे शोधून काढलं की तो उजेड माणसाच्या हातातलं मोजमाप होतो.

ऑक्सिजनची साक्ष सगळ्यात आधी मिळाली, आणि तीही ऑक्सिजन हे नाव कुणी ठेवण्याच्या शंभरेक वर्षं आधी. १६६७ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने रात्री चमकणारा कुजक्या लाकडाचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवला आणि पंपाने भांड्यातली हवा काढून घेतली. लाकूड विझलं. हवा परत आत सोडली तेव्हा ते पुन्हा उजळलं. लाकूड चमकतं ते त्यातल्या बुरशीमुळे, हे तेव्हा माहीत नव्हतं. तरीही जिवंत उजेडाला हवा लागते, एवढी गोष्ट पक्की झाली.

पुढचा मोठा टप्पा फ्रान्समध्ये राफाएल द्युबुआने गाठला. त्याचा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला गरम पाणी, थंड पाणी आणि नीट विचार करणारं डोकं यापलीकडे काही लागलं नाही. १८८५ मध्ये त्याने वेस्ट इंडीजकडचा एक भुंगेरा घेतला. पाठीवर पडला की टक् आवाज करत उसळी घेणाऱ्या भुंगेऱ्यांच्या जातीतला हा. त्याच्या मानेजवळ दोन हिरवट दिवे असतात. दोन वर्षांनी हाच प्रयोग त्याने खडकात भोकं पाडून राहणाऱ्या, फोलास नावाच्या शिंपल्यावर केला. उजेड देणारा भाग थंड पाण्यात वाटला की पाणी चमकायचं आणि थोड्या वेळाने विझायचं. तोच भाग गरम पाण्यात टाकला तर चमक लगेच जायची आणि पाणी थंड झाल्यावरही परत यायची नाही. मग त्याने विझलेलं थंड पाणी आणि विझलेलं गरम पाणी एकत्र केलं. दोन्ही काळोखी. एकत्र होताच मिश्रण उजळलं.

याचा अर्थ त्याने असा लावला. उजेडाला दोन पदार्थ लागतात. एक उष्णता सोसतो, पण वापरला की संपतो. दुसरा संपत नाही, पण उष्णतेने मोडतो. थंड पाण्यात पहिला संपला होता आणि दुसरा शाबूत होता. गरम पाण्यात दुसरा मोडला होता आणि पहिला शिल्लक होता. पहिल्याला त्याने लुसिफरिन म्हटलं आणि दुसऱ्याला लुसिफरेज. उष्णतेने मोडणारा आणि काम करून स्वतः न संपणारा पदार्थ म्हणजे विकर, हे आज शाळेतही शिकवतात. द्युबुआने ते एका शिंपल्यातून हात भिजवून काढलं. आमच्या स्वॅबच्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात त्या याच कारणाने. उन्हात उभ्या राहिलेल्या टेम्पोतून आलेली पेटी मी कधीच स्वीकारत नाही. विकर मोडलेल्या नळीत कितीही घाण गेली तरी उजेड पडणार नाही. मीटर शून्याजवळचा आकडा दाखवेल आणि घाणेरडा पाइप पास होईल. थेट फ्रिजमधून काढलेली नळीही लगेच वापरायची नाही, कारण गारठलेलं विकर मंद चालतं आणि आकडा कमी येतो. खोलीच्या तापमानाला आली की मगच हात लावायचा.

ही नावं द्युबुआने दिली तेव्हा त्याला वाटलं असेल की पदार्थ एकच आहे. तसं नाही. लुसिफरिन हे कामाचं नाव आहे, रेणूचं नाही. काजव्याचं लुसिफरिन वेगळं, बुरशीचं वेगळं, समुद्रातल्या एकपेशी जिवांचं आणखी वेगळं. लुसिफरेजचंही तसंच. प्रकाश देण्याची किमया जीवसृष्टीत एकदाच घडली आणि वारशाने सगळीकडे गेली, असं नाही. ती स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा, अनेक डझन वेळा घडली आहे. २०१८ मध्ये काजव्यांचे जीनोम वाचले गेले तेव्हा दिसलं की काजवा आणि द्युबुआचा तो उसळणारा भुंगेरा हे दोघेही भुंगेरेच, तरीही त्यांच्या लुसिफरेजची उत्क्रांती वेगवेगळ्या वाटांनी झाली आहे.

काजव्याला ऑक्सिजनखेरीज आणखी काय लागतं, हे कळायला १९४७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय काम करत होता. त्याला काजवे ढिगाने हवे होते. त्याने गावातल्या मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट द्यायला सुरुवात केली आणि मुलांनी उन्हाळाभर बरण्या भरभरून आणल्या. काजव्यांचे दिवे वाटून काढलेला अर्क थोडा वेळ चमकून विझायचा. त्यात मॅकेलरॉयने एटीपी घातला आणि विझलेला अर्क झळाळून उठला. जितका एटीपी, तितका उजेड.

एटीपीचा शोध त्याच्या अठरा वर्षं आधीचा, १९२९ चा. जर्मनीत कार्ल लोमानने आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे वेगळा काढला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे नाव लिहून घ्यायला लावते, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत एटीपी पानोपानी असतो आणि सुब्बाराव क्वचितच. स्नायू आखडणं, प्रथिन बनवणं, पेशीतून मीठ बाहेर काढणं, जिवंत पेशीची बहुतेक कामं एटीपी मोडल्यावरच होतात. गाईच्या पेशीत तो असतो, जिवाणूत असतो, दुधात असतो, माझ्या बोटाच्या कातडीवर असतो. म्हणून मॅकेलरॉयच्या काजव्यांनी दिलेली साक्ष इतकी मोठी ठरली. जिथे उजेड पडला तिथे जीव आहे, किंवा नुकताच होता.

त्या नळीत नेमकं घडतं काय? लुसिफरेज हे साडेपाचशे अमिनो आम्लांची साखळी गुंडाळून झालेलं प्रथिन आहे. साखळीचे दोन भाग आहेत, एक मोठा आणि एक लहान, आणि मधे खाच. लुसिफरिन आणि एटीपी त्या खाचेत बसले की लहान भाग वरून आवळतो. एटीपीचा एक तुकडा लुसिफरिनला चिकटतो. या कामाला मॅग्नेशियमही लागतं. मग ऑक्सिजन येतो आणि लुसिफरिनवर चार अणूंचं एक ताणलेलं कडं तयार होतं. त्यात ऑक्सिजनचे दोन अणू शेजारी शेजारी असतात आणि असं कडं टिकू शकत नाही. ते तुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला रेणू जास्तीची ऊर्जा घेऊन राहतो. एरवी रसायनात अशी ऊर्जा उष्णता होऊन आजूबाजूच्या पाण्यात जिरते. लुसिफरेजच्या खाचेत पाण्याला फारसा शिरकाव नसतो. त्यामुळे रेणू ती ऊर्जा प्रकाशाचा एक कण सोडून टाकतो. पिवळसर हिरवा, काजव्याच्या रंगाचा.

शंभर रेणूंपैकी किती असा उजेड देतात? अनेक पुस्तकांत अजूनही जवळजवळ नव्वद टक्के लिहिलेलं सापडतं. तो १९६० चा आकडा. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी अधिक काटेकोर मोजणी केली आणि तो ४१ टक्क्यांवर आला. मला हा आकडा कमी वाटत नाही. जिवाच्या अंगात, साध्या तापमानाला, पाण्यात, इतका उजेड आणि चटका नाही.

रंगही विकरच ठरवतं. लुसिफरिन तेच असताना काही भुंगेरे हिरवा दिवा लावतात आणि काही पिवळा. दक्षिण अमेरिकेतल्या एका भुंगेऱ्याच्या अळीसारख्या मादीच्या डोक्यावर लाल दिवा असतो आणि दोन्ही कुशींना हिरव्या दिव्यांच्या रांगा. जपानच्या गेंजी काजव्याच्या लुसिफरेजमधलं एक, फक्त एक, अमिनो आम्ल बदललं तर त्याचा उजेड लाल होतो. खाच किंचित सैल झाली की प्रकाश तांबड्याकडे सरकतो, असं त्याचं कारण २००६ मध्ये जपानी संशोधकांनी विकराचे स्फटिक पाहून मांडलं.

आता मला थक्क करणारी गोष्ट. हे विकर आलं कुठून? त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक चरबी हाताळणाऱ्या विकरांत आहेत. तूप पोटात गेल्यावर त्यातली स्निग्धाम्लं वापरायच्या आधी शरीर त्यांना एटीपीचा तुकडा चिकटवून तयार करतं. हे काम करणारी विकरं तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहेत. लुसिफरेजची पहिली पायरी अगदी तीच आहे, फक्त स्निग्धाम्लाच्या जागी लुसिफरिन. जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की काजव्याचं लुसिफरेज आजही स्निग्धाम्लांवर ते जुनं काम करू शकतं. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी भुंगेऱ्याच्या अंगातलं चरबीचं एक साधं विकर बदलत बदलत उजेडाकडे गेलं आणि आपली मूळची सवय विसरलं नाही. लोण्याच्या क्रीमची फॅट तपासताना मला हे अनेकदा आठवतं.

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या बाजूचं. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत आमच्याकडे काजव्यांचे दिवस. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि कधी कधी सगळं झाड एका ठेक्यात लागतं-विझतं. प्रयोगशाळेत आल्यावर मला प्रश्न पडला तो विझण्याचा. नळीतला उजेड एकदा लागला की हळूहळू कमी होत जातो. तो लुकलुकत नाही. काजव्याला चालू-बंद कसं करता येतं? त्याच्या दिव्यात लुसिफरेज, लुसिफरिन, एटीपी सगळं तयार असतं. अडवलेला असतो तो ऑक्सिजन. दिव्याच्या पेशींच्या कडेला ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची दाटी असते आणि बारीक श्वासनळ्यांतून आलेला ऑक्सिजन त्या आधीच पिऊन टाकतात. चेतातंतूचा निरोप आला की नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो आणि मायटोकॉन्ड्रियांचं पिणं क्षणभर थांबतं, असं २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. तेवढ्या क्षणात ऑक्सिजन आतवर पोहोचतो आणि दिवा लागतो. बॉइलने पंपाने हवा काढून आणि परत सोडून जे लाकडावर केलं, ते काजवा आपल्या पोटात दर सेकंदा-दोन सेकंदाला करत असतो.

काजव्याचं खरं आयुष्य मात्र जमिनीत जातं. अळी ओलसर पाचोळ्यात महिनोन् महिने राहते, गोगलगायी खाते आणि तीही मंद चमकते. उडणाऱ्या काजव्याकडे जोडीदार शोधायला मोजके दिवस असतात आणि त्या दिवसांत उजेड हीच त्याची बोली. गेल्या काही वर्षांत काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांची रांग घाटात लागते. हेडलाइटच्या झोतात मादीला नराची लुकलुक दिसत नाही आणि झाडाखालचा पाचोळा पायांनी तुडवला की पुढच्या वर्षीच्या अळ्या मरतात. वनखात्याने अभयारण्यात वेळेची बंधनं घातली आहेत ती मला पूर्णपणे पटतात. आमच्या नात्यातली जी पोरं पाहुण्यांना वाट दाखवायला जातात, ती आता टॉर्चला लाल कागद लावतात आणि फ्लॅश मारणाऱ्याला स्पष्ट सांगतात, "दादा, फोन खिशात ठेवा."

नवीन मुलगी प्रयोगशाळेत आली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, "ताई, मग या नळ्यांसाठी काजवे मारतात का?" एकेकाळी मारत होते. अमेरिकेत कितीतरी वर्षं उन्हाळ्यात काजवे गोळा करून विकले जायचे आणि त्यांच्यातून विकर काढलं जायचं. १९८५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्लीन डीलुका आणि डोनाल्ड हेलिन्स्की यांच्या गटाने काजव्याच्या लुसिफरेजचं जनुक वेगळं करून ते ई. कोलाय जिवाणूत घातलं. जिवाणू ते विकर बनवू लागले. पुढच्याच वर्षी तिथल्याच संशोधकांनी ते जनुक तंबाखूच्या रोपात घातलं, रोपाला लुसिफरिनचं पाणी दिलं आणि पानांच्या शिरा काळोखात उमटल्या. आमच्या नळीतलं विकर जिवाणूंनीच बनवलेलं आहे, आणि जास्त टिकावं म्हणून त्याच्या साखळीत ठरवून बदल केलेले आहेत.

जनुक हाती आल्यावर साक्ष कुठेही मागता येऊ लागली. याचं एक उदाहरण आपल्या देशाला जवळचं आहे. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण एक दिवस लागतो. त्यामुळे रुग्णाच्या जंतूवर कुठलं औषध चालेल हे वाढवून बघायचं तर कित्येक आठवडे जातात. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम जेकब्स यांच्या गटाने क्षयाच्या जंतूला लागण करणाऱ्या विषाणूत काजव्याचं जनुक भरलं. विषाणू जंतूत शिरला की जिवंत जंतू आपलाच एटीपी खर्चून उजेड देऊ लागतो. औषध घातल्यावर उजेड गेला तर औषध लागू पडलं. उजेड तसाच राहिला तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. आज आपल्याकडे निदानासाठी सीबीनॅट आणि ट्रूनॅटसारख्या वेगळ्या चाचण्या वापरतात. पण नवी औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळांत काजव्याचं जनुक घातलेले क्षयजंतू अजूनही कामाला लावले जातात.

समुद्रातला उजेड वेगळ्या विकरांचा, आणि तिथे एटीपीचा थेट संबंध नाही. जेलीफिशचं उदाहरण घ्या. ओसामु शिमोमुरा हा जपानी रसायनशास्त्रज्ञ. नागासाकीवर बाँब पडला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि शहरापासून काही किलोमीटरवरच्या इसाहायात कारखान्यात काम करत होता. त्या झगझगाटाने त्याला काही क्षण काहीच दिसेना. याच माणसाने पुढे सगळं आयुष्य शांत, थंड उजेडामागे घालवलं. १९६१ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला त्याने हजारो जेलीफिश गोळा केले, पण उजेड देणारा पदार्थ काढायला गेलं की तो आधीच जळून जायचा. आम्लाने तो थांबवता येतो हे त्याला सापडलं. एका संध्याकाळी उरलेला अर्क त्याने बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळ्या झोताने उजळलं. बेसिनमध्ये मत्स्यटाक्यांतलं समुद्राचं पाणी वाहत येत होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियमने उजेड पेटवला होता. या प्रथिनाला नाव मिळालं इक्वोरिन. त्यात ऑक्सिजन आधीच भरून ठेवलेला असतो, कॅल्शियम आलं की झोत पडतो. स्नायू आखडताना, हृदयाचा ठोका पडताना पेशीत कॅल्शियम किती चढतं-उतरतं, हे मग शास्त्रज्ञांनी इक्वोरिन टोचून बघितलं. त्याच जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन शिमोमुराला २००८ चं नोबेल देऊन गेलं. ते प्रथिन विकर नाही, ते दुसऱ्याचा निळा उजेड घेऊन हिरवा करतं. म्हणून त्याच्यावर मी इथे थांबत नाही.

आपल्या अरबी समुद्रात दोन प्रकारचे उजेड दिसतात आणि दोन्हींची विकरं निराळी. थंडीच्या दिवसांत जुहूपासून सिंधुदुर्गापर्यंत कधी कधी लाटा फुटताना निळ्या होतात. ते नॉक्टिल्युका या एकपेशी जिवाचं काम. त्याच्या पेशीत बारीक पुटकुळ्या असतात. लाटेचा धक्का बसला की पुटकुळीत आम्लता एकदम वाढते आणि विकर जागं होतं. आम्लता ही इथली किल्ली. त्या निळ्या लाटांचे व्हिडिओ सगळे बघतात, पण हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेली गोष्टही माहीत असायला हवी. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायॅटम नावाची सूक्ष्म शेवाळं वाढायची. आता त्यांच्या जागी हिरवा नॉक्टिल्युका फोफावतो आणि त्याचा संबंध पाण्यातल्या कमी होत चाललेल्या ऑक्सिजनशी आहे. नॉक्टिल्युका खाणारे जीव मुख्यतः जेलीसारखे, म्हणजे मासळीच्या साखळीला त्याचा उपयोग थोडा. हा विषय कोकणच्या कोळ्यांच्या पोटापाण्याचा आहे.

दुसरा उजेड जिवाणूंचा. २५ जानेवारी १९९५ च्या रात्री सोमालियाच्या किनाऱ्यापासून दूर 'लिमा' या ब्रिटिश व्यापारी जहाजाच्या चारही बाजूंना समुद्र दुधासारखा पांढरा चमकू लागला आणि जहाज कित्येक तास त्यातून चालत राहिलं. दहा वर्षांनी स्टीव्हन मिलर यांच्या गटाने जुनी उपग्रह छायाचित्रं काढून पाहिली तेव्हा तो उजेड अवकाशातूनही टिपला गेल्याचं दिसलं. क्षेत्र होतं सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे चार गोवे त्यात बसतील. लाटांना उजळणारा नॉक्टिल्युका हलवल्यावरच चमकतो. जिवाणू एकसारखे चमकत राहतात. पण एकटा जिवाणू दिवा लावत नाही. आजूबाजूला आपल्यासारखे पुरेसे जमले आहेत, हे त्यांनी सोडलेल्या रसायनावरून कळल्यावरच विकराचं जनुक चालू होतं. जिवाणूंची ही मोजदाद १९७० मध्ये हार्वर्डमध्ये केनेथ नीलसन आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी याच चमकणाऱ्या जिवाणूंत उकलून दाखवली. रोग पसरवणारे अनेक जंतूही हल्ला करायच्या आधी असेच डोकी मोजतात, हे त्यानंतर कळत गेलं. या जिवाणूंचा उजेड त्यांच्या श्वसनाशी जोडलेला असतो. म्हणून सांडपाण्यात विष असेल तर तो मंदावतो, आणि पाण्याची विषारीपणाची चाचणी म्हणून जगभर तो वापरतात.

साक्षीदार कितीही खरा असला तरी त्याला विचारलं तेवढंच तो सांगतो. मी हे ऑपरेटर मामांना सांगते आणि मालकांनाही. मीटरला जिवाणू आणि दुधाचा थर यातला फरक कळत नाही. एटीपी कुणाचा हे लुसिफरेज विचारत नाही. काही जिवाणू संकटात कडक कवचाचे बीजाणू करून पडून राहतात. त्यांच्यात एटीपी जवळजवळ नसतो. ते पाश्चरायझेशनही सोसतात आणि मीटरपुढूनही निसटतात. जंतुनाशकाचं पाणी पाइपात राहिलं असेल तर ते स्वॅबमधलं विकरच बिघडवतं आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून पंधरा सेकंदांच्या उजेडावर लाइन सुरू करायची, पण पेट्री डिशमध्ये जिवाणू वाढवून दोन दिवसांनी मोजायचं काम बंद करायचं नाही. खर्च वाचवायला हे दुसरं काम कमी करू या, असं कुणी म्हटलं की मी ऐकत नाही.

उजेडाच्या ज्या विकरावर बॉइलने साडेतीनशे वर्षांपूर्वी हात ठेवला होता, ते, म्हणजे बुरशीचं, अगदी आता २०१८ मध्ये पूर्ण उलगडलं. आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजकी लाकडं हिरवट चमकतात ती अशाच बुरशांमुळे. बुरशीचं लुसिफरिन कॅफेइक आम्लापासून बनतं, आणि हे आम्ल झाडांत आधीच असतं. त्यामुळे बुरशीची काही जनुकं रोपात घातली की रोपाला बाहेरून काही द्यावं लागत नाही, ते स्वतःच चमकतं. १९८६ च्या तंबाखूला लुसिफरिन पाजावं लागलं होतं, २०२० च्या तंबाखूला नाही. २०२४ पासून अमेरिकेत असा पेटुनिया सामान्य लोकांना विकला जातो. त्याच्या नावात काजवा आहे, पण विकर बुरशीचं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तो कुंडीत लावला आहे. व्हिडिओ कॉलवर तिने दिवे घालवून दाखवला तेव्हा फोनमध्ये मला काळोखच दिसला. ती म्हणाली, डोळे काळोखाला सरावले की पाच-दहा मिनिटांनी दिसतो, कळ्या आणि नवी पालवी सगळ्यात जास्त चमकते. पुढच्या वेळी येताना एक फांदी ओल्या कापडात गुंडाळून आणू का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणाले. जनुक बदललेलं रोप आपल्याकडे परवानगीशिवाय आणता येत नाही, मग त्यातून दिवा निघो वा काही न निघो.